पिंपाला पांघरूण

ड्रायव्हरकाकांनी उमेदीची सगळी वर्षं बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर डुकरं पाळली. "प्रवाशांपेक्षा बरी," ते सांगत. "खिडकीवरून भांडत तरी नाहीत." पण पिल्लं आईच्या दुधावरून तोडली की दरवेळी हगवण ठरलेली. गुबगुबीत पिल्लांचं बघता बघता चिपाड व्हायचं आणि काकांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजारी पिल्लांना औषध देऊच. पण कोवळ्या पोटांना सोयाबीनची पेंड जड जाते. ती आंबवून देऊन बघा. पेंड ओलवा, हे विरजण मिसळा, पिंपात भरून उबेला ठेवा. झाकण मात्र सैल हवं, आत वायू होतो."

घरात ऊब होती ती फक्त झोपायच्या खोलीत. काकांनी निळं पिंप खाटेशेजारी उभं केलं आणि त्याला स्वतःचं पांघरूण गुंडाळलं.

काकू घरीच कपडे शिवत. तिसऱ्या दिवशी त्या कडाडल्या, "कोटाचं माप द्यायला आलेली बाई नाक दाबून पळाली! आता या घरात एक तर ते पिंप राहील, नाहीतर मी."

काकांनी क्षणभर विचार केला. तिथंच घोडं पेंड खाल्लं. काकू शिलाई मशीन घेऊन मागच्या गल्लीत बहिणीकडे निघून गेल्या.

मागे राहिल्या काकांच्या सासूबाई. त्यांना वासच येत नसे, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. लग्नापासून जावयाशी त्या जेमतेम बोलत. दुपारी त्या पिंपाशेजारीच लवंडल्या. इकडे शेजाऱ्यांची कुरकुर ऐकून काकांनी झाकण गच्च आवळलं.

व्हायचं तेच झालं. धडाम! झाकण छताला, पेंड भिंतींना. काका धावत आले, तर सासूबाई डोक्यावर पेंडीचा थर घेऊन उठून बसलेल्या.

"कुठं धडकवलीत, जावईबापू?"

काकांना हसू आवरेना. मग सासूबाईही हसल्या. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत भिंती खरवडल्या.

पुढचं पिंप गोठ्यात गेलं. भोवती पेंढा, झाकण सैल. पण पेंड आंबली की सडली, हे कळावं कसं? काकांचं नाक डिझेलच्या धुरानं कधीच कामातून गेलेलं. नाइलाजानं वाटीभर पेंड झाकून ते मेव्हणीच्या दारात उभे राहिले.

दार काकूंनीच उघडलं. "एवढं हुंगून दे."

"बायकोला न्यायला आलात की नाकाला?"

"नाक बायकोच्याच तोंडावर आहे ना!"

काकूंनी ओठ दाबून हसू गिळलं आणि वाटी नाकाशी नेली. "मागचं सडलं होतं, मी बोंबलत होते. हे आंबट आहे, पण चांगलं. पिकल्या फळासारखं. द्या पिल्लांना."

त्याच संध्याकाळी त्या परतल्या. "ताई फार घोरते," एवढंच कारण सांगितलं.

काकांनी गोठा धुऊन काढला, थोडी थोडी पेंड खाद्यात मिसळली. या खेपेला एकदोघांचं पोट बिघडलं, ती औषधानं सावरली. बाकीची पिल्लं कुंपणाशी नुसती हुंदडत होती. काका पालथ्या बादलीवर बसून बघत राहिले.

"हसताय की रडताय?" शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"जरा सरका," काका डोळे पुसत म्हणाले, "पिल्लं दिसत नाहीत."