गेज न लावलेली पुडी

पिंपरीच्या एका मोठ्या दवाखान्यात आईचा नंबर येईपर्यंत मी तिच्या औषधांची यादी तपासत होते. शेजारी बसलेला पन्नाशीचा माणूस यादीकडे बघत म्हणाला, "ताई, आमच्या कंपनीत अशीच चेकशीट असती."

तो भोसरीच्या वर्कशॉपमध्ये माल तपासायचा. बोलताना त्याचा अंगठा स्टीलच्या बाकाच्या कडेवरून फिरत होता, कुठे धार राहिली आहे का ते बघत असल्यासारखा. "बावीस वर्षांत गेज लावून मापल्याशिवाय एक पीस सोडला न्हाई. मालक म्हणायचा, जाऊ दे राव. मी न्हाई सोडला."

आत त्याची बायको होती. तिला मधुमेह. सहा महिन्यांपूर्वी गावाकडच्या एकाने झाडपाल्याच्या औषधाची पुडी दिली आणि इन्सुलिन बंद करा म्हणाला. पुडी देणाऱ्याच्या मेहुण्याला म्हणे तिने गुण आला होता. याने इन्सुलिन बंद केलं. साखर एकदाही मोजली नाही. पायाची जखम चिघळत गेली, आणि आता गुडघ्याखाली पाय काढणार होते.

"मोजायचं यंत्र घरात व्हतं," तो म्हणाला. "पण गावचा माणूस. त्याला गेज कुठं लावायचा?"

नर्सने सहीसाठी हाक मारली. तो उठला. खिशातून पेन काढताना एक कागदाची पुडी वर आली. ती तळहातावर धरून त्याने हळूच विचारलं, "ऑपरेशनच्या आधी एक देऊ का, ताई? जखम भरती म्हणतेत."

"नको," मी म्हणाले.

त्याने होकारार्थी मान डोलावली, आणि पुडी जपून परत खिशात ठेवली.