धोंड्याच्या दिवशी बुडालेली मोटर

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो आणि त्या महिन्यात एक दिवस माझ्यासारखा माणूस विष्णू होतो. सासरी धोंड्याच्या जेवणाला बोलावणं येतं. मामी, म्हणजे सासूबाई, पाय धुतात, नवे कपडे देतात, ताटात पुरण भरलेले धोंडे आणि वरून तुपाची धार. त्या दिवशी जावयाला कुणी उलट बोलत नाही. बाकीच्या दिवसांची कसर बायको भरून काढते, तो भाग वेगळा.

माझं सासर दौंड तालुक्यात, मुळा-मुठेच्या काठावर. आम्ही शिरूरला राहतो आणि मी रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्यामुळे ज्याला म्हणून स्क्रू आहे ते सगळं मला कळतं, असा सासरी समज आहे. हा गैरसमज दूर करायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

नदी म्हणजे पुण्याने वापरून पुढे ढकललेली नदी. उन्हाळ्यात काळी, वर जलपर्णीची सतरंजी. पावसाळ्यात फेस. प्यायला घरात जारचं पाणी. ऊस मात्र हीच नदी पिऊन वाढतो. तिची दुसरी खोड अशी, की आमच्या डोक्यावर ढग नुसते हिंडून जातात आणि नदीला पूर येतो. पाऊस तिकडे घाटात, धरणं तिकडे पुण्याच्या वर, आणि पाणी सोडलं की धावपळ इकडे. कारण सगळ्यांच्या मोटरी काठाला पाण्याजवळ बसवलेल्या. पाणी सोडल्याचा मेसेज आला की मोटर दोराने ओढून दरडीवर घ्यायची, ओसरलं की पुन्हा खाली सोडायची. पावसाळाभर हेच.

त्या दिवशी शेतात उसाच्या सऱ्या पाडून तयार होत्या. लावायला उसाचं बेणं तोडून आणलेलं. एकदा मोटर चालू करून सऱ्या भिजवल्या की लागण. बेणं फार दिवस राहत नाही, वाळतं. म्हणजे त्या घडीला घरात माझ्यापेक्षा महत्त्वाची एकच गोष्ट होती, ती मोटर.

मी पाटावर बसलो आणि मेव्हण्याच्या मोबाइलवर मेसेज वाजला. धरणातून पहाटेच पाणी सोडलंय.

मामा, म्हणजे सासरे, चपला शोधायला लागले. "पाव्हणं, तुम्ही सुरू करा. मोटर तेवढी वर घिऊन येतो."

इथे गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी सकाळीच नदीवर जाऊन आलो होतो. बंधाऱ्याच्या मागे जलपर्णीचा एक पुंजका वाहत होता, तो एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिलं होतं. का, ते विचारू नका. कंपनीत पाइपातल्या पाण्याचा वेग मोजायची सवय, आणि सासरी सकाळी दुसरं काम काय.

"मामा, बसा तुम्ही," मी म्हणालो, "नदीचा वेग मी काढलाय. इथपर्यंत पाणी यायला उद्याचा दिवस उजाडेल."

मामा उभेच. "एरवी संध्याकाळच्या आत येतं हो."

"ते अंदाजाने. हे मोजून."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मामींनी डोळ्यांनी केलेली खूण पाहिली आणि ते बसले. विष्णूला पाण्याबद्दल कोण शिकवणार?

तेवढ्यात शेजारचे आप्पा डोकावले. मामांचे चुलत भाऊ. "मोटर काढली का रं?"

"पाव्हणं म्हणत्यात उद्या येतंय पाणी."

आप्पांनी माझ्या गणिताची सगळी चौकशी केली, मान डोलावली. "बराबर असंल तुमचं. पर मला आपलं बसून बसून कंटाळा आलाय. माझी काढून ठिवतो." आणि गेले.

मी पुंजक्याचा वेग मोजला होता. पण बंधाऱ्याने अडवलेलं पाणी तिथे जवळजवळ उभंच असतं, हे माझ्या गणितात नव्हतं. तिसरा धोंडा तोंडात असताना आप्पांचा फोन आला. मेव्हण्याने स्पीकरवर घेतला.

"पाव्हण्यांचं जेवाण झालं असंल तर नदीकं घिऊन ये. मोटर दिसंना झालीय."

आम्ही पळालो. मी नव्या कपड्यांत. दरडीवरून पाइप खाली जात होता आणि जिथे मोटर असायला हवी तिथे फेसाच्या गाद्या सरकत होत्या. मोटरीच्या लोखंडी चौकटीला कायम बांधलेला दोर आप्पांच्या ट्रॅक्टरला लावला, पण चौकट कशात तरी अडकली. चूक माझी, तेव्हा पाण्यात मीच उतरलो. अडकलेला एक ओंडका मी लाथेने सोडवला, मोटर वर गेली आणि मी कमरेवरून गळ्यापर्यंत गेलो. बाहेर आलो तेव्हा गळ्यात जलपर्णी होती आणि अंगाला येणारा वास मला हॉस्टेलच्या मागच्या नाल्यावरून ओळखीचा होता. पुण्यात शिकताना त्या नाल्यात मीही थोडी भर घातली होतीच.

आप्पा म्हणाले, "आता पुजा बराबर झाली."

मेव्हण्याने मोटर पुसली. पाणी ओसरायला वेळ आहे, तोवर चालतेय का ते बघून घेऊ, म्हणत तो स्टार्टरकडे निघाला.

"सुरू करू नको," मी ओरडलो. "वाइंडिंग ओलंय, जळेल."

"दाजी, तुमचं गणित झालं ना एकदा?"

मामाही त्याच्यामागून निघाले. दिवसभरात मला खरोखर येत असलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मी नेमकी विष्णुपद गेल्यावर सांगत होतो. शेवटी मी खांबावरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घातला आणि मोटरीवर जाऊन बसलो.

मेव्हण्याने बहिणीकडे दाद मागितली. बायको तोवर काठावर आली होती. तिने मला वरून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"राहू दे रे. कंपनीत तेवढ्या एकाच कामाचा पगार मिळतो त्याला."

मी रजा वाढवली. मोटर शेळ्यांच्या गोठ्यात खोलली. पंपाच्या पोटातून गाळ निघाला, आणि गाळातून शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंतवळे, एक चमचा, अर्धा टूथब्रश. मामी दारातून पाहत म्हणाल्या, "अख्खं न्हाणीघरच आलंय की." शेळ्या बाहेर बांधल्या, मोटरीवर उबेसाठी बल्ब टांगले आणि आतल्या तारांचं वाइंडिंग वाळत ठेवलं. मामा बेण्यावर ओली गोणपाटं टाकायचे, जाता येता गोठ्यात डोकवायचे, विचारायचे मात्र काही नाहीत. माझ्या पानात धोंडे काही पुन्हा आले नाहीत, पिठलं आलं.

पाणी ओसरलं तशी मोटर खाली सोडली. मी फ्यूज बसवला. बटण मामांनीच दाबलं, माझ्याकडे न बघता. मोटर घुरघुरली, थांबते की काय वाटलं, मग तिने सूर धरला आणि वर शेतात पाइपातून पाणी पडायला लागलं. काळं, फेसाळ, नाकाला रुमाल लावावा असं पाणी. ते पाहून आम्ही सगळे लग्नात उभे असल्यासारखे हसत होतो. मेव्हणा सरीचं मातीचं दार फोडायला पळाला. मी पुढे होऊन त्या धारेत हात धुवायला गेलो.

मामांनी माझं मनगट धरलं. किती दिवसांनी ते माझ्याशी धड बोलत होते.

"ह्यात नगा धुऊ, पाव्हणं," ते म्हणाले. "खाज सुटती. घरी चला, जारचं पाणी वततो."