सहा वर्षं गप्प बसलेली बॉबिनवाली

आमचे हे एकेचाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत आले. यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात. जिभेबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण मी समोर बसलेली असते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा यांनी दुकान आवरलं आणि इंटरनेटवर मेकॅनिक लोकांचा एक मंच काढला. कुणाचं मशीन अडलं की तो तिथे विचारतो आणि हे उत्तर देतात. घरबसल्या लोकांवर डाफरायची सोय झाली.

त्या मंचावर हजारच सदस्य मावतात. हजार केव्हाच भरले आणि सत्तर जण बाहेर ताटकळत होते. म्हणून यांनी नियम काढला: तीन वर्षांत ज्याने एक ओळही लिहिली नाही, त्याचं खातं बंद.

"नुसते जागा अडवून बसलेत," हे म्हणाले.

यांना पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. तेव्हा मी यादी वाचायची आणि यांनी निकाल द्यायचा, असं ठरलं. जेवणं उरकून आम्ही लॅपटॉपपुढे बसलो. मी नाव वाचायची, हे "काढ" म्हणायचे, मी कळ दाबली की माणूस गायब. चाळीसएक जण असे गेले. मग नाव आलं, बॉबिनवाली.

"शेवटचं कधी लिहिलंय?" यांनी विचारलं.

"सहा वर्षांपूर्वी."

यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग "काढ," म्हणाले.

ती मला चांगली आठवत होती. एकाच्या मशीनचे टाके सुटत होते. यांनी सांगितलं, सुई बदला. बॉबिनवालीने खाली लिहिलं, सुई ठीक असेल, सुईची दांडी खाली घसरली असावी, आधी तिची उंची बघा. यांना ते झोंबलं. सगळ्यांसमोर यांनी तिला सुनावलं, "आधी सुईत दोरा ओवायला शिका, मग सल्ले द्या. तोवर इतरांचं वाचत बसा." पंधरा दिवसांनी त्या माणसाने कळवलं की दांडीच घसरली होती. आमचे हे मूग गिळून बसले. त्यानंतर तिने एक अक्षर लिहिलं नाही.

कळ दाबायच्या आधी माझं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं. आतापर्यंत आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं. शेवटची भेट: आज, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी मागची नोंद उघडली. काल सहा दहा, परवा सहा बारा. खाली खाली जात राहिले तरी तेच.

"अहो, ही रोज येते."

"लिहीत तर नाही ना?"

"तुम्हीच सांगितलं होतं, वाचत बसा म्हणून. ती बसली."

हे उसळले. "एकीला सोडलं तर उद्या सगळे विचारतील, का म्हणून. काय सांगू मी हजार लोकांना?"

खरी गोम तिथेच होती: कारण सांगायचं तर स्वतःची चूक कबूल करावी लागणार. शिवाय सदस्य काढला की त्याचं लिखाणही पुसलं जातं, आणि त्याखाली आलेली उत्तरंसुद्धा. एक कळ दाबली की तिचा सल्ला गेला, आणि यांचं ते बोलणंही गेलं. हे यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे, हेही यांना ठाऊक होतं.

मी लॅपटॉप यांच्याकडे सरकवला. "हे नाव तुमचं तुम्ही काढा. मी नाही हात लावणार."

आत जाऊन मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. राग आला होता मला, आणि तो एकट्या बॉबिनवालीसाठी नव्हता. संसारात मीही पुष्कळदा अशी वाचत बसले आहे.

तासाभराने बाहेर आले. त्या सहा वर्षांपूर्वीच्या उत्तराखाली यांनी एका बोटाने लिहिलं होतं, "बॉबिनवालींचं बरोबर होतं. मला ते नंतर कळलं, तरी मी बोललो नाही. मी त्यांचा अपमान केला. माफी मागतो." नियमही बदलला होता: जो येऊन वाचतो, तोही सदस्य.

दुसऱ्या दिवशी हे साडेपाचलाच लॅपटॉप उघडून बसले. सहा दहा झाले, सव्वासहा झाले. मग तिचं उत्तर आलं. यांनी लॅपटॉप नाकाशी धरला आणि कधी नव्हे ते मला स्वतःहून मोठ्याने वाचून दाखवलं.

"आभारी आहे. वाचून बरंच शिकले. या सहा वर्षांत तुमच्या उत्तरांत मला सात चुका दिसल्या. सांगू का?"

मला वाटलं, आता भडका उडणार. पण यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"सात," शेवटी म्हणाले. "म्हणजे सात जणांना मी चुकीचं सांगितलं. आणि तिला ते दिसत होतं."

मग यांनी उत्तरात एकच शब्द लिहिला, सांगा. कागद आणि पेन घेतलं. मी चहा ठेवायला उठले, तसं माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तूही बस. तुलाही काही सांगायचं असेल तर."

"माझं सातात भागणार नाही," मी म्हटलं. "आधी तिचं होऊ द्या."