चेसिसच्या खालचा माणूस

टर्नर आणि फ्रीजवाला हे साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. कारणं विचाराल तर दोघांकडेही पोत्याने होती, पण चारचौघांत सांगण्यासारखं त्यात एकही नव्हतं. एकाने दुसऱ्याच्या लग्नात तोंड वाकडं केलं होतं. दुसऱ्याने पहिल्याच्या नव्या घरात येऊन, भिंतीला ओल आहे असं पाहुण्यांदेखत सांगितलं होतं. एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं वैर धरतात का? धरतात, आणि चवीने धरतात.

टर्नर हा थोरलीचा नवरा. पंपाच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेला, अंगाने वाळका, नाकावर माशी बसू न देणारा. केसाएवढा फरक त्याला बोटाने कळायचा आणि कळला की समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय चैन पडायची नाही. कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी दुसरं कुणी बसत नसे. तो म्हणायचा, "बरंय, चहा तरी निवांत पिता येतो." घरात पातेल्याचं झाकण नीट बसलं नाही तरी हा अर्धा तास बोलणार. थोरली त्याला अर्ध्या कानाने ऐकत संसार करत आली होती.

धाकटीचा नवरा फ्रीजवाला. फ्रीज-एसी दुरुस्त करायचा, गोड बोलायचा, आणि चहा पाजल्याशिवाय लोक त्याला दारातून परत जाऊ देत नसत. टर्नरला सगळ्यात जास्त हेच झोंबायचं.

आता गाडी. सासरे खाणीवर सर्व्हेला होते. कंपनीने मोडीत काढलेली फोर बाय फोर त्यांनी उचलली आणि पुढे सगळी हयात डोंगर, नाले, दगडवाटा तुडवत घालवली. गुडघे गेल्यावर त्यांनी गाडी दोन्ही जावयांना मिळून दिली. म्हाताऱ्याला वाटलं, एका बॉनेटखाली दोन डोकी घातली की सूत जुळेल. जुळलं काहीच नाही. दर रविवारी शेडमध्ये भांडणं होऊ लागली, तेव्हा म्हाताऱ्यानेच वाटणी करून दिली. चेसिसच्या सांगाड्यापासून वरचं सगळं, म्हणजे इंजिन, वायरिंग, ब्रेकचं तेल, फ्रीजवाल्याचं. चेसिसच्या खालचं, म्हणजे स्प्रिंगचे पाटे, अ‍ॅक्सल, चाकं, टर्नरचं. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाना घालायचा नाही. आणि वैतागून शेवटी म्हणाले, "ज्याच्या अर्ध्यापायी गाडी वाटेत अडेल, त्याने चावी दुसऱ्याला द्यायची. कायमची."

त्या दिवसापासून टर्नरच्या डोक्यात चावीच होती. अर्धी गाडी त्याला नको होती. कारखान्यात त्याने हजारो शाफ्ट उतरवले. ते कुठल्या पंपात बसले, कुणाच्या विहिरीवर गेले, कधी कळलं नाही. या गाडीखाली मात्र प्रत्येक बुश त्याच्या हातचा होता. दगडावर चाक चढलं की आपण काय केलंय ते त्याला डोळ्यांनी दिसायचं. त्यात निम्मं श्रेय त्या गोडबोल्याला जावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सहलीचं ठरलं ते बहिणींमुळे. खिंडीपलीकडचं तळं दोघींना पाहायचं होतं आणि खिंडीतली वाट म्हणजे नुसते दगडच. टर्नरने गाडी उंच करायला घेतली. पाट्यांत एकेक पान वाढवलं, पाटे चेसिसला अडकवणाऱ्या जुन्या कड्यांच्या जागी लेथवर केलेले लांब शॅकल बसवले. गाडी चांगली वीतभर उंच झाली. मग चाकं पूर्ण लोंबल्यावर कुठे काही घासतंय का ते पाहायला त्याने चेसिसखाली जॅक लावला आणि पुढचं चाक जमिनीवरून सुटू दिलं.

काही घासत नव्हतं. पण ब्रेकची रबरी नळी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ झाली होती.

या नळीचं एक टोक चेसिसवर आणि दुसरं चाकापाशी. ती नेमकी कुणाची, हे म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं. गाडी उचलली की नळी लांब लागते, हे टर्नरला पक्कं माहीत होतं. लांब नळी कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते आणि ती बदलणं अर्ध्या दिवसाचंही काम नाही. तो उताणा पडून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने जॅक उतरवला. चाक जमिनीवर आलं तशी नळी सैल पडली, काही झालंच नव्हतं अशी.

थोड्या वेळाने फ्रीजवाला आला. बॉनेट उघडून ब्रेकच्या बाटलीत तेल भरलं, आत बसून पेडल दाबून पाहिलं, मान डोलावली. खाली वाकला नाही. का वाकेल? खालचं त्याचं नव्हतंच.

"झालं साडूभाऊ तुमचं?" त्याने विचारलं.

"माझं झालं," टर्नर म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा."

आपण लबाडी करतोय असं त्याला वाटलं नाही. ब्रेकचं तेल फ्रीजवाल्याचं, तेल जिथून वाहतं ती नळीही त्याचीच, असा सरळ हिशेब त्याने मनात मांडला. होऊन होऊन काय होईल? नळी आधी तेलाने घामेजेल, पेडल मऊ लागेल, गाडी कुठेतरी सपाटीवर थांबवावी लागेल आणि चावी आपल्या खिशात येईल. त्याला गाडी अडायला हवी होती, कुणाला दुखापत नको होती. पण तोंड उघडून दोन शब्द बोलला असता तर दुखापतीची भीतीच उरली नसती, पण ते दोन शब्द त्याने मूग गिळावेत तसे गिळले.

खिंडीच्या माथ्यापर्यंत गाडी टर्नरने चालवली. चढ होता, ब्रेकशी फारसा संबंध आला नाही. माथ्यावर पाळी बदलली. उतार खडा होता, आणि अशा उतारावर एकाने स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्याने पुढे पायी चालत हाताने रस्ता दाखवायचा, ही सासऱ्यांची शिस्त. पुढच्याचा हात म्हणजे हुकूम. आत बसलेल्याने तो डावीकडे म्हणाला की डावीकडेच घ्यायचं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे उतारावर मात्र एकमेकांचं ऐकत. तिथे अक्कल चालवली तर गाडी दरीत जाते, एवढं दोघांनाही कळत होतं.

टर्नर उतरला, दोन पावलं गेला आणि परत मागे आला. थोरली मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती.

"अगं, तू उतर. चालत ये."

"का?"

"मोकळी हवा आहे. चाल जरा."

"माझी टाच दुखतेय. आणि तुम्हाला कधीपासून माझ्या हवेची काळजी?"

धाकटी हसली. टर्नर दातओठ खात पुढे गेला.

पहिले दोन दगड गाडी सुरेख उतरली. तिसऱ्यावर पुढचं डावं चाक हवेत गेलं, पाटे पूर्ण उघडले. टर्नरने मुठीने 'थांब' केलं. गाडी थांबली नाही. जुनी गाडी, ब्रेकच्या तेलाला एकच वाट; एका चाकापाशी नळी तुटली की चारही चाकं मोकळी. त्याने काचेतून फ्रीजवाल्याचा चेहरा पाहिला. तो पायाने पेडल मारत होता, पुन्हा पुन्हा, आणि गाडी सरळ टर्नरच्या अंगावर येत होती. टर्नरला हलता येईना. फ्रीजवाल्याने हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं आणि गाडी दरडीत घातली. पत्रा चरचरत गेला, आरसा तुटला, बॉनेट टर्नरपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं.

बहिणी उतरल्या. धाकटीच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. फ्रीजवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

आणि टर्नर ओरडला, "नळी तुमची. तेल तुमचं, नळी तुमची. माझ्या अंगावर ढकलायचं नाही."

थोरली धाकटीचं कपाळ दाबत उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग गाडीखाली पाहिलं. ती उभी होती त्या जागेवरून दगडाशिवाय काही दिसत नव्हतं.

"अजून कुणी खाली वाकलं नाहीये," ती म्हणाली. "नळी तुटली हे तुम्हाला कसं कळलं?"

टर्नर आरशाचे तुकडे बुटाने बाजूला सारू लागला.

"मला उतरायला सांगितलंत," ती सावकाश म्हणाली. "हिला नाही सांगितलं."

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर टर्नरला झेपला असता, रागाची त्याला सवय होती. ती त्याच्याकडे नव्यानेच भेटलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

फ्रीजवाला गाडीखाली गेला. कामावरच्या पिशवीतला ग्रिप प्लायर, आवळून अडकून राहणारी पकड, काढून त्याने तुटलेल्या नळीचं वरचं टोक आवळलं, बाटलीत तेल भरलं, धाकटीला पेडल दाबायला लावून आतली हवा काढली. तीन चाकांना ब्रेक मिळाला. टर्नर मदतीला वाकला तेव्हा तो खालूनच म्हणाला, "हात लावू नका." गोडवा आता कुठे उरला होता?

माथ्याकडे परत फिरायला जागा नव्हती. उतरणं भागच होतं. फ्रीजवाला स्टिअरिंगवर बसला. धाकटी मागे. थोरली पुढच्या सीटवर चढली आणि तिने दार लावून घेतलं.

"ताई, तुम्ही चालत आलात तरी चालेल," फ्रीजवाला म्हणाला.

"नाही. मी इथेच बसते." तिने काचेतून नवऱ्याकडे बोट केलं. "यांना सांगा पुढे चालायला. आता नीट दाखवतील."

इंजिन सुरू झालं. टर्नर गाडीपुढे जाऊन उभा राहिला. समोर काचेमागे त्याची बायको होती, खालची वाट त्याला पाठ होती, आणि त्याने हात वर केला. गाडी हलली नाही. आत फ्रीजवाला त्या हाताकडे बघतच नव्हता. तो थोरलीकडे वळून, हा हात खरा मानायचा का, ते विचारत होता.