शिशाची कढई आणि आमची म्हैस

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. घरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

अकोल्याच्या जुन्या शहराबाहेर, मोर्णेच्या काठी आमचा भाजीचा मळा. त्या साली कापसाला असा भाव चढला होता की लोकांनी तुळशीच्या आळ्यातसुद्धा सरकी टोचली असती. शेजाऱ्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मात्र वांगी-मेथीच लावत राहिले आणि उरलेल्या वेळात शिसं वितळवत बसले.

तो त्यांचा नाद. अचलपूरच्या बाजूला नांगराला जुन्या लढाईतल्या बंदुकीच्या गोळ्या लागत, त्या ओळखीचे शेतकरी आणून देत. मामंजी त्या वितळवून पोळ्यासाठी बोटभर उंचीचे बैल ओतायचे. गावात मातीचे बैल, आमच्या दिवळीत शिशाचे. पोरांनी लांबून पाहायचे. हातात घ्यायचे नाहीत, तोंडात तर नाहीच.

तेव्हा सुनेनं सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. सांगायचं ते सासूमार्फत. सासू घरी नसली तर भिंतीला सांगायचं आणि ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकायचं. मामंजींनी भिंतीऐवजी गोठ्यातली म्हैस निवडली होती. "म्हशे, आज भाकर लवकर पायजे वं," असं ते म्हणाले की मी पीठ काढायची. पहिल्या दिवशी मात्र मी दाराआड उभी राहून म्हैस आता काय करते ते पाहत होते. इतकी हुशार.

पोळा चार दिवसांवर आला होता. गोठ्याच्या वळचणीला मला एक लोखंडी कढई दिसली. बाहेरून काजळी, आत पांढुरकी राख, तळाला काहीतरी करपून घट्ट बसलेलं. मला सासूबाईंची कीव आली. माझ्या माहेरी पिठलं करपलं की भांड्यात रात्रभर पाणी घालून ठेवत. मीही ठेवलं. सकाळी राख आणि विटेचा चुरा घेऊन अशी घासली की हात दुखून आले. तळाचं करपलेलं काही निघालं नाही, पण चकचकीत झालं. धुतलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मेथीच्या वाफ्यात ओतलं. कढई पदरानं पुसून जागेवर टांगली आणि त्याच हातांनी भाकरी खाल्ली.

दोन घटकांनी सासूबाई दोडक्याची पाटी घेऊन बाजारात गेल्या. नवरा निंदणाला. मामंजींनी अंगणात तीन दगडांवर कढई ठेवली, खाली कोळसे पेटवले आणि वाऱ्याकडे पाठ करून बसले. मी दाराआड. आज माझी कढई पाहून ते म्हशीजवळ माझं कौतुक करणार, याची मी वाट पाहत होते.

कढई जवळच्या राखेनं पुन्हा मळली होती की त्यांचं लक्ष नव्हतं, कोण जाणे. ते म्हणाले, "म्हशे, पाहून ठेव. बुडाशी बोटभर शिसं मी मुद्दाम ठेवतो. त्यानं वरच्या गोळ्या लवकर वितळतात."

म्हणजे ते पिठलं नव्हतं!

"अन् सारं सुकं पायजे. कढई सुकी, पळी सुकी, साचा सुका. शिशाच्या खाली थेंबभर पानी राह्यलं तं त्याची वाफ होते अन् सारं शिसं तोंडावर येते. हे पाह्य." त्यांनी भुवईवरचा जुना डाग म्हशीला दाखवला. डोळ्यापासून तांदळाएवढ्या अंतरावर.

पुसताना कढई कोरडी वाटली होती. पण ते पाणी रात्रभर मुरलं होतं. लोखंड आणि शिसं यांच्या मधल्या फटीत काय होतं, ते पदराला कुठून कळणार?

मी खोकले. मामंजी थोडे बाजूला सरकले. त्यांना वाटलं मला अंगणातून जायचंय. मी बांगड्या वाजवल्या, मग तांब्या आपटला. "म्हशे, घरात मांजर शिरली का?" ते म्हणाले आणि कढईवर वाकले. तेवढ्यात कढईतून टिक असा आवाज आला.

"म्हशे!" मी ओरडले. "मामंजींले सांग, दूर व्हा म्हनावं! कढईत रातभर पानी होतं!"

इतक्या जोरानं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते, आणि तेही म्हशीशी.

मामंजींनी ना वर पाहिलं ना कढईला हात लावला. उठले ते थेट विहिरीच्या कठड्यामागे. लांब बांबूच्या दाताळ्यानं त्यांनी तिथूनच कोळसे ओढून बाजूला केले. मी दाराआड, ते कठड्याआड, मधे कढई. तिच्यातून बारीक शिट्टी वाजू लागली. शिशाच्या कडेनं वाफेचा पांढरा दोरा निघाला आणि तळाची जड चकती एका बाजूनं उचलली गेली, पुन्हा बसली. श्वास घेतल्यासारखी. मला भीती वाटत होती आणि नजरही हटत नव्हती. पाण्याचा एवढासा थेंब, आणि त्यानं शिसं उचललं!

शिट्टी थांबल्यावरही ते बराच वेळ जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "म्हशे, कढई घासली कोनं?"

"म्हशे, सांग त्यायले, मीच."

"काहून?"

"मले वाटलं पिठलं करपलं."

कठड्यामागून आवाज आला तो खोकल्याचा असावा, असं मी तेव्हा समजले.

"हात धुतले का तिनं?"

मी हात पदराखाली घेतले.

"म्हशे, तिले सांगजो, शिशाची राख इख असते. आधी माती लावून हात धू, मंग बाकीचं. अन् धुतलं पानी कुठं फेकलं?"

मेथीचं ऐकल्यावर मात्र ते मटकन खाली बसले. मग उठून त्यांनी सगळी मेथी उपटली, वाफ्याची हातभर माती खणली आणि विहिरीपासून, गोठ्यापासून लांब, ओसाड खड्ड्यात नेऊन पुरली. संध्याकाळी सासूबाई किंचाळल्या, "माह्या मेथीले काय झालं वं?"

"म्हशीनं तुडवली," मामंजी म्हणाले.

कढई दोन दिवस उन्हात राहिली. चकती ठोकून वेगळी काढली, रिकामी कढई मंद आचेवर तापवली, तेव्हा कुठे त्यांनी पुन्हा शिसं घातलं. "म्हशे, पाहाले येजो," असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी तोंडाला पदर बांधून वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले.

गोळ्या आधी सुस्तावल्या, मग एकदम खचल्या. वर मळकट साय होती. मामंजींनी मळ सुटावा म्हणून मेणाचा तुकडा टाकून ढवळलं आणि तापवलेल्या पळीनं ती साय अलगद काढून झाकणाच्या मडक्यात टाकली. खाली आभाळ होतं. खरंच, श्रावणातला ढग कढईत सरकताना मी पाहिला. मग त्यावर सोनेरी झाक आली, मागून जांभळी, आणि मी "अगं बाई" म्हणाले.

"रंग सुंदर दिसले का समज आच जास्त झाली," ते म्हशीला म्हणाले आणि दोन कोळसे ओढून घेतले.

त्या दिवसापासून कढई माझ्याकडे आली. घासायची नाही, गार झाल्यावर कोरडी खरवडायची नाही, मळी काढायची ती शिसं पातळ असतानाच. कानाला खिळ्यानं खूण केली, चुकून चुलीवर जाऊ नये म्हणून. या हुशार सुनेचा काय भरवसा!

सात वर्षांनी म्हैस गेली. पुढच्या पोळ्याला मामंजी गोळ्यांची पिशवी घेऊन गोठ्यात आले आणि रिकाम्या दाव्यापाशी नुसते उभे राहिले. मी दारात होते.

शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, कढई सुकी हाय का?"

"हाय, मामंजी," मी म्हटलं. "कालच तापवून पाह्यली."