चार नंबरचं टेबल

अव्वा उजव्या हाताचा तळवा छातीपर्यंत वर आणायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. बस्स, एवढंच. अकरा कुत्री एका दमात गप्प व्हायची. उमरग्यात हायवेच्या कडेला राहणाऱ्याला शांतता ठाऊक नसते, ट्रक काही थांबत नाहीत. अव्वांच्या पत्र्याच्या शेडखाली मला ती शांतता पहिल्यांदा ऐकू आली आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, कानडीत आई. साठी उलटलेली, कपाळभर विभूती, पायात पुरुषी चपला. नवरा होता तोवर दोघांचा तिथं धाबा होता. नवरा गेला, धाबा बंद पडला, टेबलं-खुर्च्या राहिल्या. मग एका डॉक्टरीणबाईंनी आपलं कुत्रं दिवसभरासाठी आणून सोडलं, आणि बघता बघता नवरा-बायको दोघं नोकरीला जाणाऱ्या घरांतली कुत्री सकाळी नऊला यायला लागली. अव्वांची जीभ मात्र धाब्यावरच राहिली होती. "दोन नंबरला पाणी दे," "सात नंबर आज जेवला न्हाय," अशा ऑर्डरी त्या स्वतःच स्वतःला द्यायच्या. एका टेबलाखाली एक कुत्रं. नाव त्यांना एकाचंही येत नव्हतं.

मी तिथं गेले ते मेंबरपायी. मेंबर म्हणजे माझ्या सासऱ्यांचं कुत्रं. जातिवंत गावठी. सगळ्यांवर भुंकतं आणि काम शून्य, म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलेलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा गेले आणि मेंबरनं रडायला सुरुवात केली. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायला जाणार, नवरा सोलापूरला नोकरीला, घरात हे एकटं. दुपारी मान वर करून असं रडायचं की आख्खी गल्ली खिडक्या लावून घ्यायची. कुत्रं रडलं की कुणीतरी जातं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. शेजारच्या काकूंनी तोंडावर सांगितलं, "आठ दिवसांत याची सोय कर माय. न्हायतर कुणीतरी भाकरीत औषध घालंल, मग मला बोल लावू नको."

म्हणून जागा बघत फिरले. एकाकडं सगळं टापटीप, फिनेलचा वास, पण प्रत्येक कुत्र्याच्या मानेवर साखळीचा वळ. दुसऱ्यानं मोबाइलवर कुत्र्यांचे वाढदिवसाच्या टोप्या घातलेले फोटो दाखवले, आणि आत बघू का म्हटलं तर म्हणाला, "आत अलाऊड न्हाय." तुम्हीच सांगा, जे पाळणाघर आत बघू देत नाही तिथं तुम्ही आपलं लेकरू ठेवाल का?

अव्वांचं फाटक सताड उघडं होतं. मी शंभर प्रश्न तयार ठेवले होते, पण बाईंनी मलाच विचारलं, "ह्ये रडतंय कुणासाठी?"

"सासरे वारले त्याचे... म्हणजे माझे."

"त्यांचं न धुतलेलं कापड आण."

आता आली का पंचाईत! मी लॅबमधली बाई, स्वच्छतेचं खूळ. दहावं झाल्या झाल्या मामांचं एकूण एक कापड धुऊन वाटून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चलाखी केली, माझीच जुनी ओढणी नेली. अव्वांनी ती नाकाशी धरली आणि परत दिली. "ह्ये तुझं. कुत्रं तुझं न्हाय."

शरमेनं मेल्यासारखं झालं. शेवटी स्कूटरच्या डिकीत त्यांचा मफलर सापडला, तंबाखूच्या वासाचा. अव्वांनी तो चार नंबरच्या टेबलाजवळ खुर्चीच्या पाठीवर टाकला. मेंबर खाली जाऊन झोपला. त्या दिवसापासून रडणं बंद. मी टेकायला म्हणून ती खुर्ची ओढली तर म्हणाल्या, "तिथं बसू नको. गिऱ्हाईक येणार हाय." प्रत्येक टेबलाला अशी एक मोकळी खुर्ची होती, एकीवर साडी, एकीवर टोपी. मला वाटलं, म्हातारीचं डोकं जरा फिरलंय. फिरू दे, कुत्रं तर गप्प आहे!

एकदा दवाखाना लवकर सुटला म्हणून मी दुपारीच गेले. सगळी कुत्री मेल्यासारखी पडलेली. घड्याळात चार वाजले आणि अकराच्या अकरा उठून उभी राहिली. एक भुंकेल तर शपथ. सगळ्यांची तोंडं आपापल्या मोकळ्या खुर्चीकडं, शेपट्या हलतायत. मेंबर पुढं झाला आणि त्यानं हनुवटी टेकवली. कशावर, ते मला विचारू नका. खुर्चीच्या वीतभर वर, हवेत. मामा बसले की त्यांच्या मांडीवर तो अशीच टेकवायचा. डोळे मिटून घेतले त्यानं.

अव्वा ट्रे घेऊन आल्या. एकेका टेबलावर एकेक कप. चार नंबरपुढं कप ठेवताना मला म्हणाल्या, "ह्यांना बिनसाखरेचा लागतो, व्हय की न्हाय?"

मामांना साखरेचा आजार होता. मी हे अव्वांना कधीही बोलले नव्हते. मी विचारलं, "बाकीच्या कुत्र्यांची माणसं तर जिवंत आहेत ना, अव्वा?"

"जिती माणसं सहाला येतेत. चारला येतेत ती दुसरी. कुणाच्या घरातलं कुणी गेलं न्हाय, सांग बरं?"

त्यांनी एक कप माझ्याही हातात दिला, आणि मी तिथंच रडायला लागले. इतके दिवस कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. मामा पडले त्या दुपारी घरात फक्त मेंबर होता. तो रडत होता. काकूंनी मला लॅबमध्ये फोन केला, "तुमचं कुत्रं रडतंय, अवलक्षण हाय." आणि मी काय म्हणाले? "दगड मारा की काकू, जाईल गप्प." काकूंनी मारला. गल्लीनं दारं लावली. मी सहाला घरी आले तेव्हा मामा स्वयंपाकघरात पालथे पडलेले, कधीचेच गार झालेले.

अव्वांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुत्रं रडत न्हाय पोरी. हाका मारतंय. आपुन दारं लावून घेतो." मग चार नंबरच्या खुर्चीकडं बघून म्हणाल्या, "राग न्हाय म्हणतेत." मी वळून बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.

पुढं पाच-सहा महिने गेले. रविवारी अव्वांकडं सुट्टी असायची, कुत्री आपापल्या घरी. अशाच एका रविवारी दुपारी मेंबर उठला, दाराशी गेला आणि मान वर करून रडला. मामा गेल्यावर रडायचा तोच आवाज. काकूंची खिडकी धाडकन लागली. "दार लाव गं बाई!" त्या आतून ओरडल्या.

मी दार उघडलं. मेंबर पुढं पळत आणि मी मागं स्कूटरवर. तो हायवेकडंच वळणार हे मला ठाऊक होतं.

अव्वा एक नंबरच्या टेबलाच्या मोकळ्या खुर्चीवर बसल्या होत्या. ती त्यांच्या नवऱ्याची खुर्ची, तिच्यावर त्यांनी कुणालाच बसू दिलं नव्हतं, स्वतःलाही नाही. चेहरा पांढराफटक, श्वास तुटक. मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि हात धरून खाली बसले. नाडी बोटाखाली मधेच लागायची, मधेच हरवायची.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरून फाटकाकडं बघत राहिल्या. "अगं बया, एवढी माणसं कशाला आली? खुर्च्या कमी पडत्यात की."

फाटकात कुणी नव्हतं. मेंबर मात्र शेपटी हलवत होता, आणि मान अशी वळवत होता की जणू एकामागून एक कुणी आत येतंय. अव्वांनी माझ्या हातातून हात सोडवला, तळवा छातीपर्यंत आणला. "साकु," म्हणाल्या. रुग्णवाहिका नंतर आली.

शेडला आता कुलूप आहे. त्यांच्या पुतण्याकडून मी दोन खुर्च्या मागून आणल्या आणि व्हरांड्यात ठेवल्या, एकीवर मफलर. मी कामावर असते तेव्हा मेंबर घरी एकटाच असतो, पण रडत नाही. काकू खिडकी उघडी ठेवून बघतात. चारला उठतो म्हणे, आधी एका खुर्चीपाशी शेपटी हलवतो, मग दुसरीपाशी. मग कुणी साकु म्हटल्यासारखा मुकाट खाली बसतो.

परवा काकू दबकत दबकत आल्या. हल्ली चारच्या चहाचं त्यांनीच अंगावर घेतलंय, मी काही सांगितलेलं नाही. म्हणाल्या, "मामांचा बिनसाखरेचा, त्ये म्हाईत हाय मला. पर दुसऱ्या कपात साखर किती घालू?"

इतके महिने अव्वांनी सगळ्यांना चहा पाजला, मलासुद्धा. त्यांना कसा लागायचा, ते मी कधी विचारलंच नव्हतं.