रुई हरवली

अमरावतीच्या कापूस बाजाराच्या फाटकाशी पार्बताबाई भाजी विकायला बसायची. "घ्या वो वांगे! लोण्यावानी वांगे!" अशी तिची हाक उठली की गाड्यांना बांधलेले बैलसुद्धा मान वळवून पाहत. नवरा सहदेव मळ्यातून टोपल्या आणून टाकायचा आणि म्हणायचा, "हळू वं, बैल बुजतीन." त्यावर ती हसायची, आणि तिचं हसणं हाकेच्याही पलीकडे जायचं.

मग तापाची ती मोठी साथ आली आणि सहदेव गेला. एकुलती लेक शकुन अकोल्याला सासरी. "चार दिवस ये," असे तिचे निरोप यायचे. पार्बताबाई जायची नाही. बाजारात बसायची, पण तोंड मिटून. कोणी भाव विचारला तर बोटं दाखवायची. घरी आल्यावर एकटीसाठी काय रांधायचं म्हणून चूल तशीच थंड. भिंतीकडे तोंड करून पडायची, झोप मात्र येत नसे.

तिची थोरली जाऊ माणिकबाई शेजारीच राहायची. एका संध्याकाळी ती आली, पदराखालून मांजराचं पांढरंधोप पिल्लू काढलं आणि सरळ पार्बताबाईच्या मांडीवर ठेवलं.

"मले नाही पायजे, बाई."

"तुले कोण इचारून राह्यलं? तुह्या घरातले उंदरं माही डाळ खाऊन राह्यले. ठेव तिले."

पिल्लू राहिलं. सरकी काढलेल्या कापसासारख्या, म्हणजे रुईसारख्या, रंगावरून तिचं नाव पडलं रुई. दिवस उजाडला की रुई पार्बताबाईच्या छातीवर चढून नाकाला पंजा मारी. दूध तापवायचं तर चूल पेटवावी लागे. चूल पेटलीच आहे म्हणून भाकर टाकली जाई. भाकर झालीच आहे म्हणून खाल्ली जाई. मग "थांब नं वं, भाजून जाशीन!" "कोठी चालली, माय?" असं बोलणं सुरू झालं. पोटाशी ते घुरघुरतं, ऊबदार गाठोडं असलं की डोळाही लागू लागला. एकदा रुईनं शेपटी धरायला स्वतःभोवती इतक्या गिरक्या घेतल्या, की शेवटी ती झोकांड्या खात पिठाच्या डब्यात पडली. पार्बताबाईच्या घशातून कसलासा आवाज निघाला. ते हसू होतं हे तिला थोड्या वेळानं कळलं.

एकटी ठेवली की रुई ओरडून गल्ली डोक्यावर घेई, म्हणून ती रोज टोपलीत बसून बाजारात येऊ लागली. मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांमधून तिचे कान तेवढे दिसायचे.

दिवाळीनंतरचे दिवस. बाजारात कापसाच्या गाड्यांची ही रीघ. अडत्या केशवराव कोट-टोपी घालून, धोतराचा सोगा हातात धरून, आपल्या मालाच्या डोंगराएवढ्या ढिगापुढे उभे होते. तेवढ्यात एक कुत्रं भाजीच्या टोपलीत नाक घालायला आलं. रुई उडालीच! ती केशवरावांच्या पायांमधून सुटली, ढिगावर चढली आणि दिसेनाशी झाली. पांढऱ्या कापसात पांढरं मांजर, शोधायचं कुठं?

पार्बताबाई उभी राहिली. बाजारात कित्येक महिने मिटलेलं तोंड उघडलं आणि जुनी हाक फुटली, "रुई! माही रुई गेली वो!"

सगळा बाजार थबकला. कापसाच्या बाजारात रुई जाणं म्हणजे काय साधी गोष्ट? "चोरी झाली, चोरी!" असा ओरडा झाला. फाटकावरचा पोलीस शिपाई शिट्टी फुंकत धावत आला.

"किती रुई गेली, बाई?"

"एकच!"

"एक गाठ?"

"गाठ कायची, बाप्पा! चार पाय हायेत तिले!"

शिपाई चक्रावला. "रुईले पाय?"

"अन् शेपूट बी!" असं म्हणत पार्बताबाईनं पदर खोचला आणि ढिगात उडी घेतली.

"अवो, माहा माल!" करत केशवराव तिला धरायला गेले आणि गळ्यापर्यंत आत रुतले. त्यांना काढायला शिपाई गेला, शिपायाला काढायला दोन गाडीवान. कापूस उडू लागला, शिंका सुरू झाल्या. कोणाचं डोकं कुठं, पाय कोणाचे, काही कळेना. मग केशवराव किंचाळले, "काहीतरी हाय! माह्या कोटात काहीतरी चालून राह्यलं!" आणि त्यांच्या कॉलरमधून रुईनं मुंडकं बाहेर काढलं. तिला एक लहानशी शिंक आली.

पार्बताबाई कापसात बसली आणि हसू लागली. मिशा पांढऱ्या झालेला शिपाई पाहून आणखी हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तिला सहदेव आठवला, तरी ती हसतच राहिली. केशवरावांनी आधी डोळे वटारले, मग तेही पोट धरून वाकले.

"बाई, हिचं नाव बदला," शिपाई म्हणाला, "नाही तं माही नोकरी जाईन!"

त्या दिवशीची भाजी लोकांनी उभ्या उभ्या नेली.

पुढच्याच आठवड्यात पार्बताबाई झाकणाच्या टोपलीत रुईला घालून आगगाडीनं अकोल्याला लेकीकडे निघाली. शकुनची सासू दुर्गाबाई कडक बाई. दारातच म्हणाली, "इहिनबाई, तुमी या. मांजर घरात जमणार नाही."

टोपली ओसरीवर राहिली. संध्याकाळी ओसरीवरून बोलणं ऐकू आलं म्हणून मायलेकींनी दारातून डोकावलं. दुर्गाबाई मांडी घालून बसली होती, मांडीवर रुई, आणि बोटानं साय चारता चारता ती रुईला सांगत होती, "घरात कोणी माह्यासंग बोलत नाही पाय. तू राहतं का आमच्याकडे?"

दोघींनी तोंडात पदर कोंबला, पण हसू फुटायचं ते फुटलंच. दुर्गाबाईनं वळून पाहिलं.

"दात काढाले काय झालं?" ती खेकसली, आणि मग स्वतःच फस्सकन हसली.

पार्बताबाई पुढे होऊन तिच्या शेजारी टेकली. "सरका, इहिनबाई," ती म्हणाली, "तिले कानामागं खाजवलेलं लय आवडते. मी दाखवतो."